‘ट्रेमर्स २’: चाळीस लाख डॉलर, गैरहजर नायक आणि आकाराने लहान झालेले राक्षस

९ एप्रिल १९९६ रोजी युनिव्हर्सल कंपनीचा ‘ट्रेमर्स २: आफ्टरशॉक्स’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, परंतु तो एकाही चित्रपटगृहाच्या वाट्याला न येता थेट व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांत गेला. त्या काळी असे होणे म्हणजे चित्रपटाला निकृष्ट ठरवणारा शिक्काच मानला जाई. गाजलेल्या चित्रपटाचे नाव घ्यायचे, मूळ कलाकारांपैकी जो मिळेल तो घ्यायचा, पहिल्या भागातील प्रसंग स्वस्तात पुन्हा करायचे आणि कॅसेटच्या वेष्टनावर मोठा जबडा छापायचा, अशी त्या धंद्याची रीत होती. ‘ट्रेमर्स २’ या रीतीत बसत नाही. त्याचा खर्च सुमारे चाळीस लाख डॉलर होता, मुख्य नायकांपैकी एक गैरहजर होता आणि दिग्दर्शक पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट करत होता. तरीही राक्षसपटांचे अभ्यासक आणि चाहते आजही त्याची गणना चांगल्या उत्तरभागांत करतात. हे कसे साधले, याचे उत्तर माझ्या मते नशिबात किंवा कलाकारांच्या करिष्म्यात नाही, तर पटकथेत घेतलेल्या काही अगदी नेमक्या निर्णयांत आहे. ते निर्णय एकेक करून तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

या मालिकेची मूळ कल्पना एस. एस. विल्सन यांची. कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात अमेरिकन नौदलाचा चायना लेक नावाचा तळ आहे. तेथे सुरक्षाविषयक माहितीपट करण्याचे काम ते तरुणपणी करत असत. सुट्टीच्या दिवशी वाळवंटात भटकताना एका मोठ्या खडकावर बसले असता, जमिनीखाली असे काही असेल की ज्यामुळे या खडकावरून खाली उतरताच येणार नाही, तर काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. ब्रेंट मॅडॉक या सहलेखकाबरोबर त्यांनी त्यावर पटकथा लिहिली, रॉन अंडरवुड यांनी तिचे दिग्दर्शन केले आणि जानेवारी १९९० मध्ये ‘ट्रेमर्स’ प्रदर्शित झाला. नेवाडा राज्यातील पर्फेक्शन नावाचे काल्पनिक खेडे, तेथे पडेल ते काम करून पोट भरणारे व्हॅल आणि अर्ल हे दोन मित्र (केविन बेकन आणि फ्रेड वॉर्ड), आणि जमिनीखालून धावणारे, डोळे नसलेले, केवळ हादऱ्यांवरून भक्ष्य हेरणारे अजस्र ‘ग्रॅबॉइड’ असा तो मामला होता. सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेतील चित्रपटगृहांत साधारण १ कोटी ६७ लाख डॉलर मिळवले. तिकीटविक्रीचा मोठा वाटा चित्रपटगृहांकडेच राहतो आणि जाहिरातीचा व प्रिंटचा खर्च वेगळा असतो, हे लक्षात घेता हा आकडा यशाचा म्हणता येत नाही.

चित्रपटाचे नशीब पालटले ते व्हिडिओवर. घरोघरी कॅसेट भाड्याने नेल्या गेल्या, तोंडी प्रसिद्धी झाली आणि चित्रपटगृहात दुर्लक्षित राहिलेल्या या चित्रपटाला तेथे खरा प्रेक्षक मिळाला. उत्तरभागाची मागणी या प्रेक्षकाकडून आली होती, ही गोष्ट पुढच्या साऱ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

त्या काळचे कॅसेटचे अर्थकारण येथे थोडे समजून घ्यावे लागते, कारण आपल्याकडच्या गावोगावच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांचा व्यवहार बव्हंशी चोरट्या प्रतींवर चालत असे आणि त्यावरून अमेरिकेतील व्यवहाराची कल्पना येत नाही. अमेरिकन कायद्यानुसार एकदा विकत घेतलेली अधिकृत कॅसेट दुकानदार कितीही वेळा भाड्याने देऊ शकत असे आणि त्या भाड्यातला वाटा निर्मात्याला द्यावा लागत नसे. म्हणून निर्मात्या कंपन्या भाड्यासाठीच्या नव्या कॅसेटची किंमत भरमसाट, बहुधा सत्तर ते शंभर डॉलरच्या घरात ठेवत आणि आपली कमाई पहिल्या विक्रीतच वसूल करत. अशा व्यवस्थेत नव्या चित्रपटाचे नाव ओळखीचे असणे फार महत्त्वाचे ठरते, कारण दुकानदार मागणीचा अंदाज बांधून आधीच पैसे मोजत असतो. १९९४ मध्ये डिस्नेने ‘अल्लादीन’चा उत्तरभाग थेट व्हिडिओवर आणून प्रचंड विक्री केली आणि या मार्गाकडे पाहण्याची मोठ्या कंपन्यांची दृष्टीच बदलली. युनिव्हर्सलनेही त्याच सुमारास ‘डार्कमन’सारख्या आपल्या जुन्या चित्रपटांचे पुढचे भाग या मार्गाने काढायला सुरुवात केली होती.

पेच

‘ट्रेमर्स २’ मात्र मुळात या मार्गासाठी लिहिला गेला नव्हता. तो चित्रपटगृहांसाठी, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चाचा चित्रपट म्हणून आखलेला होता. केविन बेकन यांनी ‘अपोलो १३’ स्वीकारल्यामुळे ते उपलब्ध राहिले नाहीत. पहिल्या भागात बर्ट गमर या शस्त्रवेड्या दुय्यम पात्राच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या गायिका रीबा मॅकएन्टायर आपल्या कार्यक्रमांच्या दौऱ्यात गुंतल्या होत्या. बेकन नाहीत म्हटल्यावर कंपनीने खर्चाची मर्यादा चाळीस लाखांवर आणली आणि चित्रपट थेट व्हिडिओवर काढायचे ठरवले. म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी पैशांत, अर्ध्या नायकजोडीसह, पहिल्या भागाहून वेगळे काही तरी द्यायचे होते. रॉन अंडरवुड यांच्याऐवजी दिग्दर्शनाची जबाबदारी खुद्द विल्सन यांनी घेतली.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व बहुतेक समीक्षांत पुरेसे नोंदवले जात नाही. खर्च कापण्याची वेळ आली की सामान्यतः लेखकाने लिहिलेले प्रसंग निर्माता गाळतो, दिग्दर्शक उरलेले जुळवून घेतो आणि कथेत भोके राहतात. येथे काय वगळायचे हे ठरवणारा माणूस आणि ते लिहिणारा माणूस एकच होता. शिवाय विल्सन यांना बाहुल्या एकेक चौकट हलवून जिवंत करण्याच्या तंत्राचे मनापासून वेड होते आणि १९८० मध्ये त्यांनी या विषयावर एक ग्रंथही लिहिला होता. राक्षस पडद्यावर कोणत्या क्षणी किती महाग पडतो, हे त्यांना कागदावर वाक्य लिहितानाच कळत असे.

गैरहजर नायकाचा वापर

पहिला निर्णय अर्लविषयीचा. व्हॅलच्या जागी त्याच्याच सारखा दुसरा देखणा तरुण बसवणे सोपे होते. लेखकांनी तसे न करता व्हॅलची अनुपस्थिती हीच अर्लची परिस्थिती केली. व्हॅलने पहिल्या भागातील शास्त्रज्ञ तरुणीशी लग्न करून संसार थाटला आहे. अर्ल मागे राहिला आहे. राक्षसांशी लढून मिळालेल्या प्रसिद्धीतून इतरांनी पैसा केला, याच्या हाती काही लागले नाही, आणि जे होते ते त्याने शहामृगपालनात घालवले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शहामृगपालनाची खरोखरच लाट आली होती आणि ती ओसरल्यावर अनेकांचे हात पोळले, त्यामुळे हा तपशील तेव्हाच्या प्रेक्षकाला अगदी ताजा वाटला असणार. अशा या कर्जबाजारी, वयाची पन्नाशी गाठलेल्या माणसाकडे मेक्सिकोतील एका तेलकंपनीचा प्रतिनिधी येतो आणि सांगतो की तेलक्षेत्रात ग्रॅबॉइड निघाले आहेत. प्रत्येक मारलेल्या राक्षसामागे पन्नास हजार डॉलर आणि जिवंत पकडल्यास त्याच्या दुप्पट रक्कम मिळेल.

फ्रेड वॉर्ड यांचा अभिनय येथे चित्रपटाला तोलून धरतो. नकार, मोह, भीती आणि शेवटी नाइलाजाने दिलेला होकार हे सारे त्यांनी फारसे संवाद न वापरता दाखवले आहे. प्रतिनिधीबरोबर आलेला ग्रेडी हा टॅक्सीचालक (क्रिस्टोफर गार्टिन) अर्लचा निस्सीम चाहता आहे आणि त्यालाच या मोहिमेची खरी हौस आहे. व्हॅल आणि अर्ल बरोबरीचे मित्र होते. ग्रेडी आणि अर्ल यांचे नाते उतावळा शिष्य आणि अनिच्छुक गुरू असे आहे. जोडी टिकली आणि तिचा स्वभाव बदलला, त्यामुळे पहिल्या भागातील विनोदाची नक्कल करण्याची गरज उरली नाही.

दुसरा मोठा लाभ बर्ट गमरच्या बाबतीत झाला. मॅकएन्टायर नसल्यामुळे बर्टची पत्नी त्याला सोडून गेली असे दाखवावे लागले आणि त्याचे कारण लेखकांनी बर्टच्या स्वभावातूनच शोधले. सोव्हिएत संघ कोसळला, अणुयुद्धाची शक्यता मावळली आणि त्यासाठीच आयुष्यभर शस्त्रे व शिधा साठवणारा हा माणूस दिशाहीन झाला. त्याच्याबरोबर राहणे पत्नीला अशक्य झाले. बर्टची भूमिका करणाऱ्या मायकेल ग्रॉस यांनी हे इतक्या गांभीर्याने केले आहे की हसू येतानाही बर्टविषयी कणव वाटते. पहिल्या भागात तो गमतीदार दुय्यम पात्र होता. येथे अर्लचा फोन आल्यावर स्फोटकांनी आणि बंदुकांनी भरलेला लष्करी ट्रक घेऊन तो मेक्सिकोत येतो आणि चित्रपटाचा उत्तरार्ध आपल्या खांद्यावर घेतो.

राक्षस लहान का झाले

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग राक्षसांचा आहे. पहिल्या भागातील ग्रॅबॉइडची रचना अ‍ॅमलगमेटेड डायनॅमिक्स या संस्थेच्या टॉम वूड्रफ आणि अ‍ॅलेक गिलिस यांनी केली होती. सुमारे तीस फूट लांबीचा तो प्राणी पूर्ण आकारात बांधणे, वाळवंटात पुरणे आणि हलवणे अत्यंत खर्चिक होते. त्या चित्रपटाची युक्ती अशी होती की राक्षस बहुतेक वेळ जमिनीखाली असे आणि त्याचे येणे उचलल्या जाणाऱ्या मातीतून, कोसळणाऱ्या कुंपणाच्या खांबांतून, थरथरणाऱ्या फळ्यांतून कळत असे. दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात हीच युक्ती आणखी काटकसरीने येते. अर्ल आणि ग्रेडी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींना स्फोटके बांधतात, मोटारीच्या हादऱ्यांकडे ग्रॅबॉइड आकर्षित होतो, ती गिळतो आणि स्फोट होतो. भूकंपमापक यंत्रावर त्यांची जागा आधीच कळते. शिकार चक्क सोपी झाली आहे, आणि हे सोपेपण मुद्दाम आहे. पहिल्या भागात शिकलेली विद्या येथे यशस्वीपणे वापरली जाते, प्रेक्षकही नायकांइतकाच निर्धास्त होतो, आणि निर्मात्यांना या सगळ्यासाठी पूर्ण आकाराचा राक्षस फार थोडा वेळ दाखवावा लागतो.

मग एके रात्री एक ग्रॅबॉइड जमिनीवर येऊन आजारी जनावरासारखा विव्हळत पडतो. जिवंत राक्षसाचे दुप्पट पैसे मिळणार म्हणून अर्ल आणि ग्रेडी त्याच्याजवळ पहाट होण्याची वाट बघतात. सकाळी दिसते ते त्याचे आतून फाडलेले, रिकामे कलेवर. आतून बाहेर पडलेले प्राणी आहेत ‘श्रीकर’: दोन पायांवर धावणारे, उंचीने जेमतेम कमरे-छातीएवढे, मोठ्याने किंचाळणारे. येथून चित्रपट दुसराच होतो.

केवळ खर्चाच्या दृष्टीने पाहिले तरी हा बदल किती शहाणपणाचा आहे ते पाहावे. लहान प्राण्याची यांत्रिक बाहुली खोलीत, दारात, टेबलाखाली, ट्रकच्या टपावर हाताळता येते. तिच्यासाठी वाळवंट खणावे लागत नाही. पक्ष्यासारख्या पायांवर ती धावू शकत नाही, हा तिचा दोष. धावण्याच्या तेवढ्याच दृश्यांसाठी संगणकावर केलेले प्राणी वापरले गेले आणि ते काम फिल टिपेट यांच्या स्टुडिओकडे होते. ‘ज्युरासिक पार्क’च्या कामासाठी टिपेट यांना ऑस्कर मिळून तेव्हा फार काळ लोटला नव्हता, आणि बाहुल्यांच्या तंत्रातून संगणकाकडे वळणाऱ्या त्यांच्या स्टुडिओच्या सुरुवातीच्या कामांत ‘ट्रेमर्स २’ची गणना होते. संगणकीय प्राण्याचा एक फायदा बाहुलीला नाही: एकदा तयार केलेला प्राणी कितीही संख्येने दाखवता येतो. कथेत याचा पुरेपूर वापर आहे. श्रीकर खातात तितके वाढतात. भरपूर अन्न मिळाले की जोडीदाराशिवायच तोंडावाटे नवे पिल्लू बाहेर टाकतात. पडद्यावरची झुंड वाढण्याचे कारण कथेने दिले आणि ती झुंड परवडेल अशा तंत्राने उभी राहिली.

परंतु काटकसर हा निम्माच भाग झाला. खरी कमाल नियम बदलण्यात आहे. ग्रॅबॉइड ऐकतात आणि पाहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यापासून वाचण्याचे दोन उपाय असतात: उंचावर चढणे आणि स्तब्ध राहणे. श्रीकर बहिरे आहेत आणि डोक्यावरचा पडदा उघडून उष्णता पाहतात. एकमेकांच्या पाठीवर चढून ते उंचीही गाठतात. म्हणजे अर्लने आणि प्रेक्षकाने पहिल्या चित्रपटापासून जमवलेले सारे ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी ठरते. हा नियम लेखक थेट सांगत नाहीत. आधी मोटारीचे इंजिन उद्ध्वस्त झालेले सापडते, मग रेडिओचा मनोरा, आणि पात्रांना वाटते की हे प्राणी बुद्धिमान आहेत, आपली वाहने आणि संपर्क ठरवून तोडत आहेत. नंतर उलगडा होतो की ते केवळ तापलेल्या वस्तूंकडे गेले होते. भीतीचे कारण आधी चुकीचे समजते आणि योग्य कारण कळल्यावर भीती कमी होण्याऐवजी वाढते, कारण माणसाचे शरीरही तापलेलेच असते. राक्षसपटात इतकी चोख रचना मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे, मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतही.

नियम कळला की उपायही त्याच्यातूनच येतो. अग्निशामक नळकांड्यातील कार्बन डायऑक्साइडने अंग थंड करून अर्ल श्रीकरांच्या गर्दीतून चालत जातो. हे दृश्य एका गोदामात, एका नटावर आणि थोड्या धुरावर उभे आहे, आणि तरीही सबंध चित्रपटातील सर्वाधिक श्वास रोखणारे आहे.

बर्टच्या बंदुकीचा प्रसंगही याच शिस्तीचा. पन्नास कॅलिबरच्या प्रचंड रायफलने तो एका श्रीकराला अचूक टिपतो. गोळी प्राण्यातून आणि भिंतीतून आरपार जाऊन पळून जाण्यासाठी ठेवलेल्या गाडीचे इंजिन फोडते. प्रत्येक यशाची किंमत त्याच यशातून वसूल होते. शेवटी बर्टच्याच ट्रकमधील स्फोटकांनी तेलशुद्धीकरण केंद्र उडते, म्हणजे सुरुवातीला विनोद म्हणून आलेला अतिरेकी साठा शेवटी कथेची गरज ठरतो.

उणिवा

या चित्रपटावर प्रेम असले तरी त्याच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. भूगर्भशास्त्रज्ञ केट (हेलन शेव्हर) हुशार आणि धीट आहे, ग्रॅबॉइडचे जीवाश्म कॅम्ब्रियनपूर्व काळातील असल्याचे तीच दाखवते, परंतु उत्तरार्धात तिच्या ज्ञानाला पुरेसे काम उरत नाही आणि तिचे अर्लशी जुळणारे नाते घाईने आटोपते. तेलक्षेत्र जवळपास निर्मनुष्य आहे, हे उघडपणे गर्दीचा खर्च टाळण्यासाठी केलेले दिसते. मेक्सिकोचे चित्रण कॅलिफोर्नियात झाले आहे आणि त्याहून खटकणारी गोष्ट अशी की स्थानिक माणसे, म्हणजे पेड्रो आणि ज्युलिओ, मारली जातात आणि शेवटी चारही अमेरिकन सुखरूप राहतात. पेड्रोच्या मृत्यूचा प्रसंग तर केवळ धक्क्यासाठी वापरला आहे. ज्या पात्राला चित्रपटाने इतका थोडा वेळ दिला, त्याच्या मरणाचे दुःख पात्रांनाही फार काळ होत नाही. अर्लविषयी एवढी आस्था दाखवणाऱ्या लेखकांकडून येथे अधिक अपेक्षित होते. काही संगणकीय दृश्ये आज कच्ची वाटतात, पण त्याचा मला त्रास होत नाही, कारण अवघड दृश्यांत बाहुलीच वापरलेली आहे.

नंतरची वाटचाल

‘ट्रेमर्स २’ चालला नसता तर मालिका तेथेच थांबली असती. २००१ मध्ये ब्रेंट मॅडॉक यांच्या दिग्दर्शनाखाली तिसरा भाग आला. त्यात श्रीकरांपासून उडणारे तिसरे रूप निपजते आणि दुसऱ्या भागाचा नियम पुन्हा उलटवला जातो: हे प्राणी खाल्ले की वाढत नाहीत, झोपेने कोसळतात. २००३ मध्ये तेरा भागांची दूरदर्शन मालिका झाली, २००४ मध्ये १८८९ सालात घडणारा चौथा भाग विल्सन यांनी केला आणि त्यात मायकेल ग्रॉस यांनी बर्टच्या पूर्वजाची भूमिका केली. तिसरा आणि चौथा हे दोन्ही चित्रपट थेट घरगुती बाजारासाठीच होते. २०१५ च्या पाचव्या भागापासून लेखन आणि दिग्दर्शन मूळ मंडळींकडे राहिले नाही. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेसारख्या ठिकाणी गेले, संगणकीय राक्षस अधिक सफाईदार आणि अधिक वेळ दिसू लागले, आणि २०२० च्या सातव्या भागापर्यंत ग्रॉस बर्ट म्हणून प्रत्येक समकालीन कथेत राहिले.

या नंतरच्या भागांत पैसा दुसऱ्या भागापेक्षा अधिक परिणामकारक दिसतो, परंतु राक्षसांचे नियम हळूहळू सैल होत जातात. प्राणी कोणत्या प्रसंगी काय करू शकतो हे त्या प्रसंगाच्या सोयीने ठरते, त्यामुळे पात्रांना विचार करून सुटका शोधावी लागत नाही, बर्टची बंदूकच पुरते. दुसऱ्या भागात बर्टजवळ हवी तेवढी शस्त्रे असूनही त्याला हार पत्करावी लागते आणि उत्तर शस्त्रांबाहेर, अग्निशामक नळकांड्यात सापडते. फ्रेड वॉर्ड या भूमिकेकडे पुन्हा वळले नाहीत. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. केविन बेकन यांनी २०१८ च्या सुमारास व्हॅलच्या भूमिकेत परतून दूरदर्शन मालिकेचा प्रारंभिक भाग चित्रित केला, पण वाहिनीने ती मालिका पुढे नेली नाही.